संगणक, पडदा आणि मधली तार

गडचिरोली हा जिल्हा जुन्या चांदा, म्हणजेच चंद्रपूर, जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. आणि त्याच्या एकच वर्ष आधी, ऑगस्ट १९८१ मध्ये, आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध काही नाही. परंतु वैयक्तिक संगणकाचे चित्र पडद्यापर्यंत पोहोचविणाऱ्या ज्या ज्या तारा आणि जोडण्या आजवर प्रचारात आल्या, त्या सर्वांचा इतिहास त्यामुळे या जिल्ह्याच्या वयात जवळजवळ संपूर्ण मावतो, आणि ज्याला त्या इतिहासाचे सर्व थर एकाच टेबलावर पाहावयाचे असतील त्याने महानगरातील दुकानात न जाता आलापल्लीसारख्या गावच्या एखाद्या कचेरीत, शाळेत किंवा सेवा केंद्रात डोकवावे.

अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे गाव आपल्या सागवानासाठी सर्वश्रुत आहे. येथील ‘वनवैभव’ या नावाने राखलेल्या अरण्यखंडाला राज्य शासनाने २०१४ साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. परंतु जंगलाच्या मुलखातील कचेरीला जंगलाइतकेच दप्तरही सांभाळावे लागते, आणि आताशा ते दप्तर संगणकावर असते. अशा ठिकाणी यंत्रसामग्री एकाच खरेदीत येत नाही. एखादा मॉनिटर एका योजनेतून येतो, संगणक दुसऱ्या योजनेतून, प्रोजेक्टर कोणाच्या तरी देणगीतून. शिवाय जडसंग्रह नोंदवहीत एकदा नोंदली गेलेली वस्तू तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत जागची हलत नाही. परिणामी नवा संगणक आणि जुना पडदा यांची गाठ पडते. संगणकाच्या पाठीवर एका आकाराचे भोक, मॉनिटरच्या पाठीवर दुसऱ्या आकाराचे, आणि कसेबसे मधले काही साधन मिळवून जोडणी केली तरी पडद्यावर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे. चंद्रपूर किंवा गडचिरोली येथून योग्य ती वस्तू आणावयाची तर जाण्याचेच अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक पडते. आणि आणलेली वस्तूही चुकीचीच निघाली, असे होण्याचा संभव थोडाथोडका नाही. हा संभव ज्ञानाने टाळता येतो, अशी माझी निश्चित धारणा आहे, आणि ते ज्ञान विशेष कठीणही नाही: भोकाचा आकार पाहण्याआधी त्या भोकातून काय वाहते आणि कोणत्या दिशेने वाहते, एवढेच विचारावयास शिकले पाहिजे.

पडद्यावरील चित्र म्हणजे सूक्ष्म बिंदूंच्या ओळी होत. आज सामान्य समजल्या जाणाऱ्या पडद्यावर एका ओळीत १९२० बिंदू आणि अशा १०८० ओळी असतात, म्हणजे एकूण २०,७३,६०० बिंदू. आणि चित्र स्थिर दिसत असले तरी संगणक ते सेकंदातून ६० वेळा नव्याने पाठवीत असतो. प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांचे प्रमाण सांगावे लागते. प्रत्येक प्रमाण आठ द्विमान अंकांत लिहिले, तर सेकंदाला सुमारे २९८ कोटी अंक त्या एका तारेतून गेले पाहिजेत. एवढा मजकूर कसा पाठवावा, या एकाच प्रश्नाला गेल्या चार दशकांत जी निरनिराळी उत्तरे दिली गेली, ती उत्तरे म्हणजेच आपल्या समोरची निरनिराळी भोके.

पहिले उत्तर डिजिटल होते, हे अनेकांना ठाऊक नसते; जुने ते अ‍ॅनालॉग आणि नवे ते डिजिटल अशी सरळ रेषा कल्पून लोक मोकळे होतात. १९८१ च्या आयबीएम संगणकाबरोबर आलेल्या सीजीए या रंगीत जोडणीत नऊ पिना असत आणि रंगासाठी त्यांतल्या चारच तारा राखलेल्या होत्या. प्रत्येक तारेत विद्युत् आहे किंवा नाही, याव्यतिरिक्त तिसरी अवस्था नव्हती. चार तारांच्या अशा आहे-नाहीतून सोळाच रंग निर्माण होऊ शकतात. १९८४ च्या ईजीएने रंगाच्या तारा सहा केल्या आणि रंग चौसष्ट झाले. याच पद्धतीने पुढे जात छायाचित्राला शोभतील इतके रंग मिळवावयाचे तर चोवीस तारांची जाडजूड मोळी करावी लागली असती. एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ या संगणकमालिकेबरोबर व्हीजीए ही जोडणी आणली, ती या अडचणीवरचा उपाय म्हणून. तिच्यात प्रत्येक प्राथमिक रंगाला एकच तार दिली आणि त्या तारेतील विद्युत्-दाब शून्यापासून ०.७ व्होल्टपर्यंत सलग बदलू दिला: दाब जितका अधिक, तितका तो रंग प्रखर. त्या काळच्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत अशाच कमी-अधिक होणाऱ्या दाबाने चालत असल्यामुळे ही योजना त्याला अत्यंत स्वाभाविक होती. म्हणजे अ‍ॅनालॉगचा स्वीकार ही त्या वेळी पीछेहाट नसून मोठी प्रगती होती, आणि त्या प्रगतीने पुढची वीस-पंचवीस वर्षे जगभर निर्वेधपणे काम भागविले.

या दोन पद्धतींतील भेद आलापल्लीच्या वाचकाला लाकडाच्या आगारावरून चटकन उमगेल. ओंडक्याचा घेर कळविण्यासाठी त्याभोवती दोरी गुंडाळावी आणि ती दोरीच तेवढ्या लांबीवर तोडून बल्लारपूरच्या आगाराकडे धाडावी, हा एक मार्ग. घेर मोजून त्याचा आकडा चिठ्ठीवर लिहावा आणि चिठ्ठी धाडावी, हा दुसरा. दोरीत माप संपूर्ण असते, आकड्यात न मावणारा सूक्ष्म अंशही तिच्यात असतो; परंतु वाटेत ती भिजली की आखडते, ओढली गेली की लांबते, आणि मुक्कामी पोहोचल्यावर मूळ माप काय होते हे सांगण्याचे साधन कोणाजवळ उरत नाही. चिठ्ठी मात्र चुरगळली, मळली, तरी आकडा वाचता येतो तोवर मापात यत्किंचितही फरक पडत नाही. आणि ज्या क्षणी शाई फुटून आकडा दिसेनासा होतो, त्या क्षणी माप थोडेसे चुकते असे नव्हे, ते सर्वस्वी नाहीसे होते. अ‍ॅनालॉग जोडणीचे दोष हळूहळू वाढत जातात आणि डिजिटल जोडणी शेवटपर्यंत निर्दोष राहून एकदम कोसळते, याचे कारण हेच.

व्हीजीएच्या पंधरा पिना पाच-पाचांच्या तीन ओळींत असतात, आणि त्यांची कामे ज्याला ठाऊक आहेत तो पडद्याचा रंग पाहूनच रोग ओळखू शकतो. पहिल्या तीन पिना अनुक्रमे तांबडा, हिरवा आणि निळा रंग वाहतात. तांबड्याची पिन वाकली किंवा गंजली तर सारे चित्र निळसर-हिरवे होते; हिरवी गेली तर जांभळट-गुलाबी, आणि निळी गेली तर पिवळे. तेरावी पिन प्रत्येक ओळीचा आरंभ कळविते व चौदावी संपूर्ण चित्राचा. यांपैकी एकीचा जरी संपर्क तुटला तरी चित्र जागेवर ठरत नाही किंवा मुळी दिसतच नाही. बारावी आणि पंधरावी यांवरून मॉनिटर आपला परिचय संगणकाला देतो, म्हणजे किती बिंदू, किती ओळी आणि सेकंदाला किती आवर्तने आपल्याला पेलतील याचा तपशील. या परिचयपत्राची पद्धत व्हेसा या मानक ठरविणाऱ्या संस्थेने १९९४ साली घालून दिली. त्या दोन पिनांत बिघाड असला की चित्र येते, पण संगणक मॉनिटरला ओळखत नाही आणि सुरक्षित म्हणून कमी बिंदूंचे, फुगलेल्या अक्षरांचे चित्र पाठवितो. अशा वेळी लोक संगणकातील प्रणाली पुन्हा बसविण्याच्या खटाटोपात दिवस घालवितात, आणि खरा दोष रुपयांत मोजता येईल अशा केबलमध्ये असतो. नववी पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते. तेथे रिकामी जागा दिसली म्हणून केबल मोडली असे समजू नये. पावसाळ्यात या भागातली हवा महिनोन् महिने दमट राहते आणि क्वचितच वापरल्या जाणाऱ्या प्रोजेक्टरच्या केबलींच्या पिनांवर त्या दमटपणाचा परिणाम होतो. केबल दोन-चार वेळा काढून-घालून घासली गेल्यावर चित्र येते, यामागे चमत्कार नसून एवढेच कारण असते.

केबलीच्या लांबीविषयी मात्र थोडे थांबून विचार केला पाहिजे, कारण शाळेत प्रोजेक्टर आढ्याला आणि संगणक भिंतीलगत असल्यामुळे तेथे केबल लांबच लागते. व्हीजीएची केबल ७५ ओहमच्या मोजमापाने बनविलेली असावी लागते. स्वस्त केबलीत किंवा जोड देऊन वाढविलेल्या केबलीत हे माप पाळलेले नसते, आणि मग संकेताचा काही अंश टोकावरून उलट फिरून मागे जातो, संगणकाकडून पुन्हा परततो आणि मूळ संकेतामागून पडद्यावर पोहोचतो. त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे त्याची पुसट छाया दिसू लागते. ही छाया किती दूर पडेल, याचे गणितही करता येते. १०२४ गुणिले ७६८ बिंदूंच्या चित्रात सेकंदाला साडेसहा कोटी बिंदूंचा ठेका असतो, म्हणजे एका बिंदूच्या वाट्याला सुमारे १५ नॅनोसेकंद येतात. केबलीतून संकेत एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर धावतो. तेव्हा दहा मीटरच्या केबलीत जाऊन-येऊन २० मीटरांना १०० नॅनोसेकंद लागतात आणि छाया सहा-सात बिंदू उजवीकडे उमटते. अशी छाया दिसली तर प्रोजेक्टरची काच पुसण्यात किंवा त्याचा दिवा बदलण्यात अर्थ नाही, केबल बदलावी.

काचेच्या नळीचे मॉनिटर जाऊन सपाट पडदे आले, तेव्हा एक विलक्षण परिस्थिती उत्पन्न झाली. संगणकात चित्र आकड्यांच्या रूपात असे. व्हीजीएवरून पाठविण्यासाठी त्याचे अखंड दाबात रूपांतर केले जाई. आणि सपाट पडद्यातील प्रत्येक बिंदू वेगळा असल्यामुळे तेथे पोहोचताच त्या दाबाचे पुन्हा आकडे करावे लागत. हे दुहेरी रूपांतर निरर्थक तर होतेच, शिवाय त्यात एक खोच होती. व्हीजीएच्या केबलीत ओळ कोठे सुरू होते हे सांगणारी तार आहे, पण एक बिंदू कोठे संपून दुसरा कोठे सुरू होतो हे सांगणारी तार नाही. नळीच्या मॉनिटरला तिची गरजच नव्हती. सपाट पडद्याला मात्र ही सीमा अंदाजाने ठरवावी लागते, आणि अंदाज किंचित चुकला की दोन शेजारच्या बिंदूंची सरमिसळ होऊन अक्षरे धूसर होतात. मॉनिटरवर ‘ऑटो’ म्हणून जे बटण असते, ते हा अंदाज नव्याने करविण्यासाठीच. आणि ते दाबताना पडद्यावर कडेपर्यंत भरलेले, बारीक मजकुराचे पान उघडलेले असावे, म्हणजे मॉनिटरला सीमा शोधण्यास आधार मिळतो.

मराठी वाचकाला या धूसरपणाचा उपद्रव इंग्रजी वाचकाहून अधिक होतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि रफार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. रोमन लिपीच्या मोजमापाने आखलेल्या चौकटीत हे मावत नाही. सीजीएच्या काळी एका अक्षराला आठ बिंदूंची उंची मिळत असे, आणि तेवढ्यात ‘र्‍हस्व’ की ‘दीर्घ’ हे ओळखू येणे दुरापास्तच होते. या अडचणीतून वाट काढण्यासाठी कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आले. संगणकात एक स्वतंत्र कार्ड बसवून त्याच्या साहाय्याने भारतीय लिप्या पडद्यावर उमटविण्याची ती योजना होती, आणि शासकीय कामकाजात मराठी संगणकावर येण्याच्या इतिहासात तिचे स्थान फार मोठे आहे. आज अक्षरे सुबक असतात. परंतु पडद्याच्या नैसर्गिक बिंदुसंख्येहून वेगळ्या बिंदुसंख्येचे चित्र पाठविले, किंवा व्हीजीएचा अंदाज चुकलेला राहिला, की सर्वांत आधी अनुस्वार फिका पडतो. सातबाऱ्यावरील किंवा दाखल्यावरील नाव तपासणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. म्हणून संगणकाच्या मांडणीत जी बिंदुसंख्या ‘शिफारस केलेली’ म्हणून दाखविली जाते, तीच ठेवावी. अक्षरे लहान वाटली तर अक्षरांचा आकार वाढवावा, बिंदुसंख्या कमी करू नये.

दुहेरी रूपांतराचा हा द्राविडी प्राणायाम संपविण्यासाठी १९९९ साली डीव्हीआय ही जोडणी आली. इंटेल, आयबीएम, कॉम्पॅक, एचपी आदी कंपन्यांच्या गटाने ती सिद्ध केली. जुन्या सीजीएप्रमाणे प्रत्येक अंकाला एक तार न देता, प्रत्येक रंगाचे अंक एकामागोमाग एक, परस्परविरुद्ध दाबाच्या दोन तारांच्या जोडीवरून अतिशय वेगाने पाठविणे आणि बिंदूंचा ठेका सांगणारी स्वतंत्र जोडी देणे, ही तिची रचना. संक्रमणकाळाची जोडणी असल्यामुळे तिच्यात तीन पोटभेद राहिले: डीव्हीआय-डी ही केवळ डिजिटल, डीव्हीआय-ए ही केवळ अ‍ॅनालॉग, आणि डीव्हीआय-आय ही दोन्ही वाहणारी. घोटाळा येथेच होतो. चपट्या आडव्या पिनेभोवती चार बारीक पिना असतील तर तेथे अ‍ॅनालॉग संकेताची सोय आहे, आणि अशा भोकाला साधा, स्वस्त जोडतुकडा लावून व्हीजीए मॉनिटर चालविता येतो. त्या चार पिनांसाठी भोके नसतील तर तो जोडतुकडा आत शिरतच नाही. मग काहीजण त्या चार पिना पकडीने मोडून तो बळेच बसवितात. बसतो खरा, पण चित्र येत नाही, येणे शक्यही नाही. कारण मोडल्या त्याच पिनांवरून रंग जावयाचे होते, आणि पलीकडे त्यांना देणारे कोणी नव्हतेच.

एचडीएमआय ही डीव्हीआयचीच पुढची पिढी. डिसेंबर २००२ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. चित्राची पद्धत मूलतः तीच ठेवून तिच्यात ध्वनी घातला आणि आकार लहान केला. त्यामुळे नव्या लॅपटॉपचे एचडीएमआय आणि जुन्या मॉनिटरचे डीव्हीआय-डी एका साध्या केबलीने जोडता येतात, तेथे रूपांतराची काहीच आवश्यकता नसते. मॉनिटरच्या पाठीवर व्हीजीए आणि डीव्हीआय अशी दोन्ही भोके असताना केवळ सवयीने व्हीजीए वापरली जाते, हे पाहून मला नेहमी हळहळ वाटते; पैशाचा फारसा प्रश्न नसतानाही डोळ्यांना उगाच शिक्षा दिली जाते.

व्हेसाने २००६ मध्ये आणलेली डिस्प्लेपोर्ट मात्र वेगळ्या कुळातली आहे. तिच्यात चित्र लहान लहान पुडक्यांत बांधून पाठविले जाते. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टवर ‘डी’ आणि ‘पी’ या अक्षरांना दोन अधिकचिन्हे जोडलेले निशाण असेल, तर तो एचडीएमआयची भाषाही बोलू शकतो आणि साधा जोडतुकडा पुरतो; उलट दिशेने, म्हणजे एचडीएमआय संगणकावरून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरकडे, तोच तुकडा सर्वथा निरुपयोगी ठरतो.

डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो आदी कंपन्यांनी २०१५ पर्यंत व्हीजीएला निरोप देण्याचा मनोदय जाहीर केला. नव्या यंत्रांवरून ती बव्हंशी गेलीही. परंतु मॉनिटर आणि प्रोजेक्टर जाहीरनाम्यांनी निकामी होत नाहीत. त्यामुळे आपल्याकडील सर्वांत सामान्य प्रसंग आज हा आहे की, संगणकावर एचडीएमआय आहे आणि पडद्यावर व्हीजीए. येथे नुसती केबल चालत नाही. एका टोकाला एचडीएमआय व दुसऱ्याला व्हीजीए असलेली, मध्ये काहीही नसलेली केबल बाजारात मिळते. ती घेऊ नये, कारण आकड्यांचे दाबात रूपांतर तांब्याची तार करू शकत नाही. त्यासाठी आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, आणि त्या चिपेला वीज लागते. एचडीएमआयच्या अठराव्या पिनेवर ५ व्होल्टचा पुरवठा असतो, पण तेथून किमान ५५ मिलिअँपिअरचीच हमी असते. काही संगणकांवर तेवढी पुरते, काहींवर चित्र येऊन-जाऊन राहते. म्हणून यूएसबीवरून वीज घेण्याची सोय असलेला कन्व्हर्टर श्रेयस्कर, आणि प्रोजेक्टरला ध्वनीची स्वतंत्र तार द्यावयाची असेल तर ध्वनीचे भोक असलेला.

उलट प्रसंगी, म्हणजे जुना व्हीजीए संगणक आणि नवा एचडीएमआय पडदा असताना, दुसऱ्याच प्रकारचा कन्व्हर्टर लागतो, जो दाबाचे आकडे करतो. दोन्हींची टोके सारखीच, वेष्टनावरील शब्दही तेच, फक्त क्रम उलटा. आणि एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. फेऱ्या वाढविणारी सर्वांत मोठी चूक, माझ्या मते, हीच आहे.

कन्व्हर्टर आणण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री मात्र जागच्या जागी करावी. मॉनिटरला एकाहून अधिक भोके असतील तर आपण ज्यात केबल घातली तेच भोक त्याच्या बटणाने निवडलेले आहे ना. आणि संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लावली आहे ना, कारण असे कार्ड असताना वरचे, मूळ पटलावरचे भोक पुष्कळदा मुके राहते. ‘आऊट ऑफ रेंज’ अशी अक्षरे आली तर जोडणी नीट आहे, केवळ मॉनिटरला न पेलणारे चित्र जात आहे. तेव्हा दुसऱ्या पडद्यावर बिंदुसंख्या वा आवर्तने कमी करून परत जोडावे. आणि चित्रावरून आडवे पट्टे संथपणे सरकत असतील तर संगणक आणि पडदा या दोघांची वीज एकाच बोर्डवरून घेऊन पाहावी; दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील फरकाने ते पट्टे उमटतात.

यानंतरही कन्व्हर्टर मागवावाच लागला, तर मागणीपत्रात ‘व्हीजीए-एचडीएमआय कन्व्हर्टर, नग एक’ एवढेच लिहून भागत नाही. ‘संगणकाचे एचडीएमआय आउटपुट ते प्रोजेक्टरचे व्हीजीए इनपुट, चिपसह, यूएसबी वीजपुरवठा आणि ध्वनीच्या भोकासह’ असे लिहावे, संगणक व प्रोजेक्टर यांच्या पाठीची छायाचित्रे सोबत द्यावीत, आणि केबल किती मीटर हवी ते भिंतीवरून दोरी धरून, वळणांसह, मोजून मगच नमूद करावे.